सत्तेचाळिसाव्या खुंटीवरील रंग

सुज्ञ वाचकांपुढे प्रथमच हात जोडून निवेदन करतो की, पुढील पृष्ठांत एका फटक्याचा वृत्तांत यावयाचा आहे. हा फटका सन एकोणीसशे अठ्ठावन्नच्या आश्विनात, भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभा राहत असता, सत्तेचाळिसाव्या खुंटीपाशी बसला. त्यात कोणी नायक शोधू नये, खलनायकही शोधू नये. जमीन पावलागणिक कशी बदलते, तिच्यासवे गवत, किडा व सरपटणारा जीव कसकसा बदलतो, आणि हे सर्व डोळ्यांनी पाहून वहीत लिहिणाऱ्या मनुष्याच्या हातून काय घडते, एवढेच यथामती सांगण्याचा संकल्प आहे. आता प्रारंभ करतो.

रविवारी सकाळी सुपेल्याच्या बाजारात शेषराव तोंडल्यांच्या ढिगापाशी वाकला होता. भाजीवालीने मागचे ओले बारदान उचलले आणि ती किंचाळली, "डोमी! डोमी!" तो शब्द शेषरावाच्या कानात न शिरता उजव्या मनगटात शिरला. त्याची मूठ आपोआप वळली. कोण बोलले, कोणाला बोलले, हे पाहण्यासाठी त्याने मान वर केली, तो भाजीवाली त्याच्याकडे पाहतच नव्हती. ती बारदानाकडे पाहत मागे मागे सरकत होती. माणसे धावली. लाकूडवाल्याने बांबू आणला, सायकलवाल्याने टायर काढण्याची लोखंडी पट्टी आणली. बारदानाखालून काळा फणा उभा राहिला, एक क्षणभर डोलला आणि बांबूखाली आडवा झाला. मग त्यावर इतके घाव पडले की ते मोजणे व्यर्थ होते. मेल्यावरही घाव पडत राहिले. तोंडल्यांवर रक्त उडाले. सायकलवाला प्रत्येक घावासरशी "अऊ ले, अऊ ले", आणखी घे, म्हणत होता आणि हसत होता. ते वेटोळे शेवटी नुसते ओल्या दोरासारखे झाले. शेषरावाने विचारले, "डोमी क्या होता है?" सायकलवाल्याने पट्टी धोतराला पुसली. "नाग, भाई. इधर नाग को डोमी बोलते हैं. तुम मराठी लोग क्या बोलते हो?" "नाग," शेषराव म्हणाला. एवढा एक शब्द बोलताना त्याला असे वाटले की, आपण तो अकरा दिवस उशिरा बोललो आहो.

अकरा दिवसांपूर्वी तो आणि दुकालू एका साखळीची दोन टोके धरून उतारावरून चालले होते. शेषराव हा मोजणीच्या खात्यात चेनमन होता. साखळीचे पुढचे टोक त्याच्या हाती, मागचे दुकालूच्या. दुकालू नाल्यापलीकडच्या गावचा, इथलाच माणूस. वरच्या माळावरील पाण्याच्या टाकीपासून खालच्या नाल्यापर्यंत सांडपाण्याच्या गटाराची रेषा आखावयाची होती. दर शंभर फुटांवर एक खुंटी, अशा एकूण बासष्ट खुंट्या. मोजणीचे बाबू तीन साखळ्या मागे दुर्बिणीशी उभे होते. सत्तेचाळिसाव्या खुंटीपाशी शेषराव ओणवा होऊन खुंटी ठोकत होता. मागून दुकालू धावत आला, तो वळताच दोन्ही हात वर करून त्याच्या छातीवर आला आणि ओरडला, "हट! डोमी! हट!" त्याच सकाळी मुकादमाने एका मजुराला पाच वेळा "डोम कहीं का" म्हणून हिणवले होते. एका कष्टकरी जातीचे ते नाव, परंतु मुकादमाच्या तोंडी त्याची शिवी झालेली होती, आणि कामगारांच्या कॅम्पात उत्तरेकडून आलेल्या लोकांच्या तोंडून ती रोज ऐकून शेषरावाच्या कातडीला एक प्रकारचा काटा फुटू लागला होता. त्याच्या हाताशी रेषा धरण्याची झंडी होती. लाल-पांढरा बांबू, खाली लोखंडी टोक. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या मैदानावर लाखो लोकांत उभे राहून त्याने ज्या गोष्टी कायमच्या टाकल्या होत्या, त्या सर्व त्या एका शब्दाबरोबर उलट्या पावली परत आल्या. त्याने झंडी उचलून फिरविली. लोखंड दुकालूच्या डाव्या डोळ्यात गेले. आवाज फार लहान झाला. पिकलेले सीताफळ हातातून पडावे एवढाच. दुकालू बसला, मग निजला, आणि एका डोळ्याने शेषरावाकडे पाहून म्हणाला, "काबर?" शेषरावाच्या गावी 'का' विचारायचे तर 'कावून' म्हणतात. एवढ्या जवळचा शब्द, तरी त्या वेळी तो त्याला कळला नाही. त्याने पुन्हा झंडी उगारली होती. बाबूंनी धावत येऊन ती धरली नसती तर दुसराही फटका बसला असता, हे त्याने मनाशी अनेकदा कबूल केले आहे.

येथे त्या वहीविषयी सांगणे अगत्याचे आहे. शेषराव सातवी शिकलेला होता. मोजणीच्या कागदांतून उरलेली एक वही त्याने जवळ ठेविली होती आणि तीत खुंटीवार लिहीत असे. वर टाकीपाशी लाल मुरमाची जमीन, तिला दुकालू भाठा म्हणे. त्याखाली पिवळसर मटासी. त्याखाली दोन्ही रंगांची मिसळण असलेली डोरसा. आणि नाल्याकाठी काळी कन्हार. कन्हार हा शब्द शेषरावाच्या भंडाऱ्याकडेही होता, म्हणून तो त्याला सोयऱ्यासारखा वाटे. तरोटा, म्हणजे टाकळा, घ्या. भाठ्यावर तो बोटभर वाढून फुलतो, पाने जाड, शेंग नखाएवढी; मटासीत गुडघ्याएवढा; कन्हारीत कमरेच्या वर. त्याला दुकालू चरोटा म्हणे. "तोर तरोटा, मोर चरोटा," असे म्हणून तो हसे. नाकतोडा, ज्याला तो फांफा म्हणे, भाठ्यावर विटकरीसारखा लाल आणि कन्हारीत कोळशासारखा काळा. सरडाही तसाच. हे सगळे पाहणारी नजर दुकालूची होती. त्याला वीस पावलांवरून मुरमावर बसलेला लाल फांफा दिसे, शेषरावाला पायाखालचा दिसत नसे. परंतु वहीत 'पाहणाऱ्याचे नाव' असा रकाना होता, त्यात खालपासून वरपर्यंत 'शे.' एवढेच अक्षर होते. दुकालूला अक्षर येत नव्हते, आणि शेषरावाला ते सुचले नव्हते. वहीच्या पहिल्या पानावर त्याने टाकाने मोठ्या अक्षरांत लिहिले होते: जमीन बदलली म्हणजे झाडाची उंची बदलते, जात बदलत नाही. हे वाक्य त्याने कॅम्पातल्या बौद्ध मंडळाच्या सभेत वाचून दाखविले, तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

फक्त सापाचे नाव त्या वहीत नव्हते. रानात त्याचे नाव घेऊ नये, घेतले तर तो येतो, असा दोघांकडेही रिवाज. शेषराव 'लांबडं' म्हणे, दुकालू 'लंबा कीरा' म्हणे, आणि दोघे एकमेकांचे समजून घेत. भाठ्यावरचे लांबडे तांबूस आणि कन्हारीतले काळे, असे दोनदा लिहिलेले होते. दोन्ही एकाच जातीचे की निराळे, हा वाद त्यांच्यात महिनाभर चालला होता. दुकालू म्हणे एकच. मधल्या डोरसा जमिनीत एखादे दिसले, आणि त्याचा रंग मधला निघाला, तर सिद्ध होईल. त्यासाठी तो डोरशात चालताना डोळे जमिनीला लावूनच चाले. पाच महिने एकत्र चालून शेषरावाने डोमी हा शब्द एकदाही ऐकला नाही, याचे कारण एवढेच की, दुकालूने त्याच्या रक्षणासाठीच तो कधी उच्चारला नव्हता. आणि ज्या दिवशी उच्चारला, त्या दिवशीही रक्षणासाठीच.

बाजारातून शेषराव भाजी न घेताच कॅम्पावर आला. दारात भाऊराव बसला होता. भाऊराव रेल्वेत फिटर, दुर्ग लाईनवर कामाला. कॅम्पातल्या बौद्ध मंडळाचा तो अध्यक्ष. शिवी दिल्याबद्दल दुकालूविरुद्धचा अर्ज त्यानेच लिहून बावन्न सह्या गोळा केल्या होत्या. अर्ज पोचल्यावर बाबू दवाखान्यात गेले, पट्टीने अर्धे तोंड झाकलेल्या दुकालूला विचारले, "तूने डोमी बोला था?" आणि तापात असलेल्या दुकालूने मान हलविली. झाले. कबुली लिहून घेतली, आणि हजेरीपटावरचे त्याचे नाव कापले.

"काय रे शेषराव, थोबाड असं कावून झालं?" भाऊराव म्हणाला. "तोंडले आनाले गेला होता, अन् तोंड टाकून आला काय?"

"भाऊराव, तो मले शिवी देऊन नव्हता राहिला. डोमी म्हंजे नाग. त्याहीच्या बोलीत नागाले डोमी म्हंतेत. माह्या पायापाशी नाग होता."

भाऊरावाने विडी पायाखाली चिरडली. "अन् हे तुले बावन्न सह्या झाल्यावर समजलं?"

"आजच समजलं."

"मंग आजच इसरून जाय. आपल्या बापजाद्याहीनं पिढ्यान्‌पिढ्या फटके खाल्ले, कोनी पुसाले आलं का? एक फटका आपल्या हातून चुकून बसला, तं तू कागद घेऊन धावतं. पोलीस येईन. नोकरी जाईन. अन् उद्या खरंच कोनी शिवी देईन, तवा आपल्या अर्जाले कोन इचारीन? म्हनतीन, हे लोकं नागालेही शिवी समजतेत."

हे शेवटचे म्हणणे खोटे नव्हते, म्हणूनच ते शेषरावाला फार लागले. "त्याचा डोळा गेला, भाऊराव," तो म्हणाला.

"तुह्या खरं बोलून डोळा वापस येते काय?"

आत त्याची बायको रुक्मा तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता ती सासऱ्यांविषयी म्हणाली, "मामाजींचा हात मी लग्नात पाह्यला होता. मनगटातून वाकडा. पन पंगतीत त्याहीनं तो उपरन्याखाली नव्हता घातला. त्याच हातानं जेवले." भाऊराव उठून गेला. शेषरावाने वही घेतली आणि तो टाकीकडे चालू लागला. कारण दुकालूच्या गावी जाण्याचा त्याला माहीत असलेला रस्ता म्हणजे ती बासष्ट खुंट्यांची रेषा होती.

पहिल्या खुंटीपासून तो उतरू लागला. रविवार असूनही काम चालूच होते. कारखान्याच्या पायासाठी मुरमात सुरुंग लावत होते, डोझर पळसाची झाडे मुळासकट उलथीत होता, आणि उलथलेल्या मातीतून एक ससा निघाला, त्याला चार फावड्यांनी घेरून मारले गेले. मारणारे हसत होते. बाजारातले हसू आणि हे हसू त्याला एकाच तोंडातले वाटले. आपणही त्या क्षणी हसलो होतो काय? त्याला आठवेना. आठवत होता तो फक्त मनगटातला झिणझिण्यांचा लोळ, आणि तो, हे लिहिताना लाज वाटते, सुखाचा होता. नवव्या खुंटीपाशी बोटभर तरोटा शेंगांनी वाकला होता. बारावीपाशी सुरुंग उडाला, आकाशातून खडे पडले, आणि त्या आवाजासरशी बाप आठवला. बाप गावचा कोतवाल. गावाच्या शिवेची खूण सांगणे हे त्याच्या घराण्याचे काम. दोन मालगुजारांचा, म्हणजे गावमालकांचा, शिवेवरून वाद पडला, तहसीलदार आले, आणि बापाला विचारले. बापाने कागद पाहिला नाही, दगड पाहिला नाही. वाकून गवत पाहिले. "इथवर मुरमाड, हे कुसळी पाहा. इथून कन्हार, हे पाहा. शीव इथं हाय, साहेब." ती शीव त्याच्याच मालगुजाराच्या विरुद्ध गेली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी खळ्यावर त्याला बसविले, त्याचा उजवा हात ओंडक्यावर ठेविला, आणि मुसळाने मनगट फोडले. पहिल्या घावाला बाप ओरडला, दुसऱ्याला नाही. खळ्यावर धान मळणारे बैल थांबले नाहीत. शेषरावाने ते सर्व पाहिले होते, आणि त्या दिवसापासून त्याच्या मनात एक मुसळ उचललेले होते. कोणावर पडावयाचे ते ठरलेले नव्हते.

तेविसाव्या खुंटीपासून माती पिवळी झाली. नाकतोडे उडाले तेही पिवळट. माणूस जसा उतरतो तशी जमीन ओली होते, झाड उंच होते, किडा काळवंडतो, आणि हे सर्व इतके हळूहळू होते की, कोणत्या खुंटीला एक संपले व दुसरे सुरू झाले, हे बोट ठेवून सांगता येत नाही. वहीत मात्र रेघा सरळ होत्या. मुसळ कोठे थांबले आणि झंडी कोठे सुरू झाली? मालगुजाराच्या हातातले, मुकादमाच्या जिभेवरचे आणि आपल्या मनगटातले, हे एकाच जातीचे असून केवळ जमिनीप्रमाणे त्याची उंची निराळी, असे तर नव्हे? आपले वाक्य टाळ्यांचे होते. ते आपल्यावरच असे उलटेल हे त्याला ठाऊक नव्हते. सत्तेचाळिसाव्या खुंटीपाशी तो थांबला. खुंटी अर्धीच ठोकलेली, वाकडी. गवत निजलेले होते तेथे मातीवर तपकिरी डाग होता आणि त्यावर मुंग्यांची रांग. हातभर अंतरावर एक बीळ होते. इतके जवळ. तो ते बीळ पाहत राहिला, मग पुन्हा उतरू लागला.

दुकालूचे घर कन्हारीच्या काठावर. अंगणात त्याची बायको मथुरा भाताची पेज गाळीत बसली होती. तिने त्याला पाहिले आणि ती उठली नाही. "आ गे?" ती म्हणाली. "दूसर आँखी लेय बर आय हस?" दुसरा डोळा न्यायला आलास काय, हे समजण्यासाठी कोणतीच बोली शिकावी लागत नव्हती. आतून आवाज आला, "कोन हे?" आणि दुकालू भिंत धरीत बाहेर आला. पट्टी पिवळी झाली होती. तो अंतराचा अंदाज चुकून उंबऱ्याला अडखळला. वीस पावलांवरून फांफा पाहणारा मनुष्य स्वतःच्या उंबऱ्याला अडखळला.

"बइठ," दुकालू म्हणाला. शेषराव बसला. दुकालूने तोच प्रश्न विचारला, "मोला काबर मारे?"

शेषरावाने सांगितले. अर्धे आपल्या बोलीत, अर्धे मोडक्या हिंदीत. "मले वाटलं, तू मले डोम म्हनून राहिला. डोमी म्हंजे नाग, हे मले आज समजलं. बाजारात. तू मले वाचवून राहिला होता."

दुकालूने ते दोनदा ऐकले. मग तो हसू लागला, आणि हसता हसता पट्टी खालून ओली झाली. "मैं? मैं सतनामी आंव रे! मोर छुए पानी गाँव म कोनो नइ पियय. अऊ मैं तोला डोम कइहूं?" ज्याच्या हातचे पाणी गावात कोणी पीत नाही, तो दुसऱ्याला काय हिणवणार! त्याचे हसू थांबत नव्हते, आणि ते हसू पाहूनच बहुधा मथुरेचा संयम सुटला. तिने गाळलेली उकळती पेज शेषरावाच्या अंगावर भिरकावली. त्याने तोंड वाचविण्यासाठी उजवा हात पुढे केला. ती हातावर पडली. कातडी प्रथम पांढरी, मग लाल झाली. तो ओरडला, पण हात तेथेच राहू दिला. "मार," तो म्हणाला, "अऊ मार." तिने रिकामे भांडे उगारले. "बस कर," दुकालू म्हणाला. "ओला लिखना हे." त्याला लिहावयाचे आहे, म्हणून. तिने भांडे जमिनीवर आपटले आणि भिंतीकडे तोंड करून रडू लागली.

"कापी लाने हस?" दुकालूने विचारले. शेषरावाने वही पुढे केली. "सैंतालीस नंबर म का लिखे हस?" काही लिहिलेले नव्हते, ते पान कोरे होते. "लिख. डोमी. ना ललहूं, ना करिया. दूनो के बीच." तांबूस नव्हे, काळा नव्हे, दोहोंच्या मधला. दुकालूचा आवाज एकाएकी पूर्वीसारखा उत्सुक झाला. "मैं कहे रहेंव ना, एके जात ए! तैं नइ देखे?"

"नाही," शेषराव म्हणाला. "मी तुहं तोंड पाहून राहिलो होतो."

फोड आलेल्या बोटांत टाक धरून त्याने लिहिले. सत्तेचाळीस, डोरसा, डोमी, रंग मधला. 'पाहणाऱ्याचे नाव' या रकान्यात त्याचा हात सवयीने 'शे'कडे वळला, थांबला, आणि त्याने पूर्ण नाव लिहिले: दुकालू. मग त्याच पानावर, त्याच्या खाली, सरकारी अर्जाच्या भाषेत त्याने दुसरा मजकूर लिहिला: की सदरहू इसमाने शिवी दिली नसून सावध केले, की फटका अर्जदारानेच मारला, की दुसराही मारला असता, की सदरहू इसमाचे नाव हजेरीपटावर पुनश्च घ्यावे. त्याने दोन्ही मजकूर वाचून दाखविले. दुकालूने पहिला पुन्हा वाचावयास सांगितला, दुसरा नाही.

सोमवारी सकाळी कॅम्पाच्या तोंडाशी भाऊराव आडवा उभा होता. त्याने शेषरावाच्या सुजलेल्या हाताकडे पाहिले, मग वहीतून फाडलेल्या कागदाकडे, आणि बाजूला झाला. कचेरीत बाबूंनी कागद उलटसुलट करून पाहिला. शेषरावाने तो हिंदीत वाचून दाखविला. वर कोष्टक, खाली अर्ज. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ये रिपोर्ट किसकी है?" त्यांनी विचारले. "साँप की, कि मारपीट की?"

"दोनोंकी, साब," शेषराव म्हणाला. "एकच पान हाय."

बाबूंनी शिपायाला ठाण्यावर जाण्यास सांगितले, आणि मग, थोडे थांबून, हजेरीपट मागविला. तो येईपर्यंत बसण्यास कोणी सांगितले नाही. शेषरावाने आपला उजवा हात टेबलावर ठेविला. येणारेजाणारे त्याकडे पाहत होते. तो त्याने झाकला नाही.

येथे हा वृत्तांत पुरा होतो. माझे शिक्षण अल्प आहे. भाषेत जेथे दोष आढळेल तेथे तो माझा समजावा, आणि जेथे सत्य आढळेल तेथे ते त्या दोन माणसांचे. ज्यांनी शेवटपर्यंत वाचण्याची तसदी घेतली, त्या सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
धोंडबा हरबाजी मेश्राम,
कॅम्प एक, भिलाई